बत्ताशीचा मागचा पाय

२८ ऑगस्ट

काल संवत्सरी झाली. संध्याकाळी प्रतिक्रमण करून आल्यावर मी घरातल्या प्रत्येकापुढे हात जोडले, सुनेपुढे, भांडेवालीपुढेसुद्धा. नाशिकला नणंदेला फोन केला. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा. झोपताना किती हलकं वाटत होतं. आणि आज सकाळी, नातीचं पारणं व्हायच्या आधीच, मी पुन्हा एक पाप करून बसले.

लिहूनच टाकते. घरात आम्ही मारवाडी बोलतो, शाळेत सिस्टरांनी इंग्रजी घोटून घेतलं, पण मनातलं काढायला मला भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या मैत्रिणींची मराठीच लागते.

माझ्या नातीने, विधीने, अठ्ठाई केली. अकरा वर्षांची पोर, आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर. आज तिचा वरघोडा होता, तपाची मिरवणूक. संयम म्हणाला, आई, फुलांनी सजवलेली जीप आणू, आजकाल सगळे तेच करतात. मीच हट्ट धरला की घोडी हवी, पांढरी हवी. माझ्या लहानपणी मावशीच्या वरघोड्यात पांढरा घोडा होता. त्याच्या आयाळीत गुंफलेला मोगरा मला अजून दिसतो. मग संयमने वनाला सांगितलं. नाल्यापलीकडच्या खेड्यातला हा वना लग्नात नवरदेवासाठी घोडी देतो. तिचं नाव बत्ताशी. तट्टूच म्हणायचं, माझ्या खांद्याएवढी.

सकाळी मी कुंकवाचं ताट घेऊन अंगणात गेले. बत्ताशी निंबाखाली उभी होती. तिचा मागचा डावा पाय मागे ताणला गेला होता, लाकडासारखा ताठ, खुराचं फक्त टोक जमिनीला. तिने पाय उचलायचा प्रयत्न केला, उचलेना. पुन्हा केला. मग टक्क असा आवाज झाला, पाय झटक्यात सुटला आणि ती सरळ उभी राहिली. वना दुसऱ्या बाजूला झूल बांधत होता, त्याने पाहिलं नाही. मी पाहिलं. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि काही बोलले नाही.

बँडवाले आले होते. मंदिरात महाराजसाहेबांनी मांगलिक ऐकवायची वेळ ठरलेली होती. विधी कपाळाला मोत्याची पट्टी लावून तयार होती. मुंग्या आल्या असतील पायाला, असं मी मनाला सांगितलं.

मंदिराच्या वळणावर तोच पाय अडकला. बत्ताशी थांबली. मागून बँड, मागे सगळा समाज. वनाने ओढलं, मग काठी मारली. ती तो पाय फरफटत चार पावलं गेली, खुराचं टोक सिमेंटच्या रस्त्यावर घासत, आणि पुढच्या गुडघ्यांवर बसली. विधी घसरली, संयमने वरच्यावर झेलली. तिला खरचटलंही नाही. कोपऱ्यावरची काही पोरं हसली. कोणीतरी जीप आणली, बत्ताशीला बाजूला घेतलं आणि वरघोडा पुढे गेला.

मीही गेले. एकदा मागे वळून पाहिलं, तेव्हा रस्त्यावर खुराची लाल रेघ होती.

पारण्याला सगळ्यांनी विधीला मुगाचं पाणी पाजलं. चमचा माझ्या हातात आला तेव्हा तिने विचारलं, दादी, घोडीला लागलं का? मी म्हटलं, नाही बेटा, ती बरी आहे.

३१ ऑगस्ट

आज वनाकडे गेले. बत्ताशी गोठ्यात होती. दोन्ही गुडघे सोललेले, खुरावर हळद थापलेली. वना शरमला होता. हात जोडून म्हणाला, अक्का, माझ्यामुळे पोरीचा वरघोडा मोडला, समाजात तुमची शोभा झाली. त्याने माझी माफी मागितली. मी उभ्याउभ्या ऐकून घेतली. त्याची बायको कमलबाई चहा घेऊन आली आणि म्हणाली की घोडीला नजर लागली. वनाने तिच्या गळ्यात काळा दोरा बांधलाही होता. आता तिला कोणी लग्नात बोलावणार नाही, असं तो म्हणत होता. गावोगाव व्हिडिओ फिरतोय.

मी घरी येऊन यांना सांगितलं, ती घोडी आपल्या कापसाच्या जुन्या जिनिंगच्या आवारात ठेवू या. हे खुर्चीत बसलेले. मे महिन्यात यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली, तेव्हापासून त्या खुर्चीतच असतात. म्हणाले, वीस वर्षं जिनिंग बंद आहे, निदान कोणीतरी खाईल-पिईल तिथं. संयमने वनाशी काय ते बोलणं केलं. वना रोज येऊन तिचं बघेल असं ठरलं.

४ सप्टेंबर

बत्ताशी आली. शेडमध्ये जिथे कापसाचे ढीग लागायचे तिथे आता तिचा खुंटा आहे. जळगावहून डॉ. पुनम आल्या. तरुण मुलगी, स्कूटीवर आली, घोडीच्या मागच्या मांडीवर हात ठेवून कितीतरी वेळ नुसती दाबत राहिली.

मग मला समजावून सांगितलं. घोड्याच्या मागच्या पायाला आपल्यासारखीच गुडघ्याची वाटी असते. उभ्याउभ्या डुलकी घेता यावी म्हणून घोडा ती वर सरकवून हाडाच्या एका उंचवट्यावर टांगून ठेवतो आणि निघताना सोडवून घेतो. हिची टांगली जाते पण सुटत नाही, कारण सोडवायला मांडीत जोरच उरलेला नाही. तिने वनाला विचारलं, पावसाळ्यात हिला काय काम असतं?

"काय काम ऱ्हाई? चौमासामा लगन बंद. दावणले बांधेल ऱ्हास."

म्हणजे आषाढापासून ती बांधलेली होती आणि आम्ही तिला चातुर्मासातच बाहेर काढलं. आमचे वरघोडे चातुर्मासातच असतात.

डॉक्टर म्हणाल्या, रोज सकाळ-संध्याकाळ चालवा. आधी सपाटीवर, मग मागच्या टेकाडाचा चढ. दोन-चार पावलं उलटी चालवा. बांधून ठेवू नका. पाय अडकला तर छातीला हात लावून मागे ढकला, सुटेल. जखमा किरकोळ आहेत, त्या चालण्याच्या आड येत नाहीत. मी गूळ घेऊन उभी होते, तो पाहून हसल्या. "काकू, लाड नंतर. आधी चाल."

७ सप्टेंबर

आज पहिल्यांदा चालवायला काढली. फाटकापर्यंत गेली आणि अडकली. वनाने मागे ढकलली, टक्क. पुन्हा दहा पावलं, पुन्हा अडकली. तिच्या अंगाला घाम फुटला. डोळ्याची पांढरी कड दिसायला लागली. तो टक्क आवाज माझ्याच हाडात होतो.

मी म्हटलं, वना, राहू दे आज. ती परत येऊन भुश्यावर उभी राहिली आणि तिने माझ्या तळहातावरचा गूळ खाल्ला. तिचे ओठ किती मऊ आहेत. मला एकदम हिरा आठवला, बापूजींच्या टांग्याचा घोडा. भुसावळला तो आम्हाला शाळेत सोडायचा. टांगा बंद झाला तेव्हा बापूजींनी त्याला विकला नाही, पांजरापोळीत ठेवला. आम्ही दर रविवारी गूळ घेऊन जायचो. दिवसभर सावलीत उभा असायचा बिचारा, काही काम नाही, कोणी हाकणारं नाही. पुढच्याच उन्हाळ्यात गेला. बापूजी म्हणायचे, किती सुखात गेला.

१८ सप्टेंबर

पाऊस थांबतच नाही. आवारात चिखल. वनाला सांगितलं, उघाड मिळेपर्यंत बाहेर काढायची नाही. खाली भुसा दुप्पट अंथरला, वर ताडपत्री बांधली. मन जरा शांत आहे. मी तिला जे केलं ते पुसता येणार नाही, पण निदान माझ्या दारात तिला कोणी मारणार नाही, ओढणार नाही.

फिजिओथेरपीची मुलगी भूमिका आज आली होती. यांचा गुडघा वाकवताना यांच्या तोंडून असा आवाज निघाला की मी आत जाऊन तिला म्हटलं, आज राहू दे बेटा, रात्री झोप नव्हती यांना. ती म्हणाली, काकू, मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात. तिला चहा देऊन पाठवलं. यांना जेवण खुर्चीतच दिलं, उठायला नको.

हे ताटाकडे बघत म्हणाले, "तुझ्या दारात जो येतो तो बसतो."

मला लागलं ते. इतकं करून असं ऐकायचं. नंतर मात्र हसू आलं, कारण हे पुढे म्हणाले, माझ्याही हातावर गुळाचा खडा ठेव.

५ ऑक्टोबर

ऊन पडलंय. आज वनाने विचारलं, काढू का? मी जाऊन पाहिलं तर बत्ताशी पाय ताणून उभी, डोळे अर्धे मिटलेले. सकाळपासून तशीच होती म्हणे. ढकलून सोडवायला वनाला दोनदा जोर लावावा लागला. अशा अवस्थेत तिला चढावर न्यायचं? म्हटलं, उद्या बघू.

दुपारी डॉ. पुनम यांचा फोन आला, चालणं कसं चाललंय? मी म्हटलं, चाललंय.

वना तिला पाण्याच्या टाकीपर्यंत नेतो आणि आणतो. ते चालणंच झालं. अगदी खोटं नाही बोलले.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. विधी आज पहिल्यांदा जिनिंगमध्ये आली. वरघोड्यानंतर ती बत्ताशीचं नावही काढत नव्हती. फाटकातच उभी राहिली. बत्ताशी आता अंगाने भरली आहे, चमकते, मला वाटलं पोरीला आवडेल. पण नेमकं तेव्हाच तिने पाय उचलायला घेतला आणि तो अडकला. आता रोजच अडकतो, कधी दोन्ही. मी छातीला हात लावून ढकलत राहिले. मी ढकलते तेव्हा ती माझ्या खांद्यावर तोंड टेकते, जणू मीच तिला वाचवतेय.

विधी म्हणाली, "दादी, मी वजनदार होते म्हणून झालं का हे?"

आठ दिवसांच्या उपासानंतर त्या पोरीचं वजन ते काय. मी म्हटलं, नाही गं. तिने विचारलं, मग कशाने झालं?

मी म्हटलं, घरी चल, फराळ करायचा आहे.

१० नोव्हेंबर

डॉ. पुनम तपासायला आल्या. मांडी दाबली, घोडीला चार पावलं चालवून पाहिली, पुन्हा दाबली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाल्या, दोन महिने चालवून मांडी भरायला हवी होती, ही तर आणखी ढिली झालीय, नुसती चरबी चढलीय. मग माझ्याकडे वळून विचारलं, काकू, रोज चढ करत होता ना?

वना माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, हो.

त्या काहीतरी हिशेब करत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या की चालवूनही फरक नाही म्हणजे आता एकच राहतं. वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारी एक दोरी असते, ती कापायची. मग वाटी अडकणार नाही. पण ती दोरी देवाने उगीच दिलेली नाही, पुढे वाटीलाच इजा होऊ शकते, काही घोडे नंतर कायमचे लंगडतात. म्हणून हे शेवटचं. शुक्रवारी करू या. संयमने तिथल्या तिथे हो म्हटलं.

वना बत्ताशीची आयाळ विंचरत राहिला, मान वर केली नाही.

११ नोव्हेंबर

सकाळी वना वेळेवर आला, पाणी पाजलं, भुसा बदलला. मीच म्हटलं, वना, तू डॉक्टरांना सांगू शकला असतास. त्यावर तो एवढंच म्हणाला, अक्का, तुम्ही मालक. मग जाताना फाटकाशी थांबला.

"मी तिले मारं. मनं पाप मी जाणस. पण मन्हापान व्हती तवय लगनसराईमा ती रोज चाले." त्याच्याकडे होती तेव्हा ती रोज चालायची, हे दिवसभर माझ्या कानात राहिलं.

सामायिकाला बसले, अठ्ठेचाळीस मिनिटं मन एका जागी राहिलं नाही. शाळेतलं चॅपेल सारखं डोळ्यांपुढे येत होतं. शनिवारी ख्रिश्चन मुली फादरकडे कबुलीजबाबाला जायच्या. आम्ही दोघी-तिघी जैन मुली मागच्या बाकावर गप्प बसून असायचो. त्या लाकडी खोलीतून बाहेर येताना त्यांचे चेहरे धुतल्यासारखे असायचे. मला इतका हेवा वाटायचा. एकदा मी सिस्टर बेनेडिक्टांना विचारलं, मलाही जाता येईल का आत? त्या म्हणाल्या, तुला जे सांगायचंय ते ज्याचं बिघडवलंस त्याला जाऊन सांग, ते जास्त अवघड आहे.

संवत्सरीला मी किती जणांना हात जोडले. ज्यांचं काही बिघडवलं नव्हतं त्यांनाच बहुतेक.

शुक्रवारी त्या मुक्या जिवाला भूल देऊन कापणार, आणि ते माझ्या एका "हो"मुळे. आम्ही कंद खात नाही, अंधार पडल्यावर जेवत नाही, पाणी गाळून पितो.

१२ नोव्हेंबर

घरी सांगितलं, साडीला फॉल लावायला जळगावला जाते. तेही खोटंच. एसटीने गेले.

डॉ. पुनम यांचं दवाखान्यात एका म्हशीच्या मालकाशी बोलणं चाललं होतं. मी बाकावर बसून राहिले. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, काकू, तुम्ही? बत्ताशीला काही झालं का?

मी पाठ करून आले होते, पण सगळं विसरले. "मी तिला चालवलीच नाही," म्हटलं. "पहिल्या दिवसानंतर एकदाही नाही. तिला त्रास होताना मला बघवलं नाही. तुम्हाला खोटं सांगितलं, दोनदा."

त्या हात पुसत होत्या, त्या थांबल्या. "परवा मी तिला कापणार होते, काकू," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, ते जास्त वाईट वाटलं. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "माझी माफी कशाला मागता? माझा पाय आहे का तो?"

मग त्यांनी सगळं विचारलं, भुसा किती, गूळ किती, कधीपासून बांधलेली. मी वरघोड्याच्या सकाळचंही सांगितलं, निंबाखालचं. शेवटी म्हणाल्या, ऑपरेशन सध्या थांबवू. संक्रांतीपर्यंत बघू. फरक नाही पडला तर कापावंच लागेल, तेव्हा रडत माझ्याकडे यायचं नाही. आणि कासरा तुम्ही धरायचा. वनादादा बरोबर राहतील, पण धरायचा तुम्ही.

मी म्हटलं, मला घोड्यांची भीती वाटते. त्या म्हणाल्या, तिलाही चालायची भीतीच वाटते.

संध्याकाळी घरी मीच सगळ्यांना सांगितलं. संयम चिडला, बाहेर निघून गेला. हे म्हणाले, साडी कुठेय?

१४ नोव्हेंबर

आज शुक्रवार. ज्या दिवशी कापायचं होतं त्या दिवशी मी बत्ताशीचा कासरा हातात घेतला.

फाटकापर्यंत तीनदा अडकली. दर वेळी मी ढकललं, दर वेळी तो टक्क. माझ्या तोंडून नवकार मंत्र चालू होता. वना म्हणाला, अक्का, घोडीला नका ऐकवू, तिला झोप येईल. त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच हसला माझ्याशी.

परतताना तिच्या अंगाला घाम होता. पदराला गूळ बांधलेला होता. दिला नाही. मग घरी येऊन तो मीच खाल्ला आणि रडले.

२ डिसेंबर

रोज जातोय. नालबंदाने येऊन खुराचं पुढचं टोक घासून गोल केलं, आता पाय लवकर उचलते. उलटी चालतानाही पूर्वीसारखी भेलकांडत नाही. कधी चार-चार दिवस बरे जातात, मग एक सकाळ अशी येते की जणू पहिल्यापासून सुरुवात.

माझ्या तळहाताला कासऱ्याचे घट्टे पडलेत. सुनेने, जिनलने, ते पाहिले आणि रात्री तेल आणून ठेवलं.

९ डिसेंबर

वना सारंगखेड्याच्या यात्रेला गेलाय, लग्नसराईसाठी नवी घोडी बघायला. बत्ताशी त्याला परत नको, आणि मीही देणार नाही, हे दोघांना न बोलता ठाऊक आहे.

आज मी एकटी होते, आणि आजपासून चढ सुरू करायचा असं डॉक्टरांनी सांगितलेलं. टेकाड काही मोठं नाही, मुलं वर पतंग उडवतात. अर्ध्यावर तिचा पाय अडकला. उतारावर मागे ढकलायचं कसं? मी तिला वळवायला गेले आणि ती पुढच्या गुडघ्यांवर बसली. तेच गुडघे. ऑगस्टमध्ये मंदिराच्या वळणावर बसली तशीच.

आजूबाजूला कोणी नव्हतं. मला वाटलं, बस झालं. इथेच तोंडावरची मोरकी काढून तिच्या शेजारी बसावं, तिची मान मांडीवर घ्यावी. मी खरंच बसलेही. ती माझ्याकडे बघत होती, गुळाची वाट बघत असेल. मग मी उठले आणि ओरडले तिच्यावर, मला माहीत नव्हतं मला असं ओरडता येतं. कासरा ओढला. ती धडपडली, टक्क झालं, उठली आणि उरलेला चढ एका दमात चढली.

वर जाऊन दोघी उभ्या राहिलो, दोघींची छाती भात्यासारखी. मी तिला ओढलं. वनाने ओढलं तेव्हा ते पाप होतं. आज काय होतं ते मला कळत नाही.

२१ डिसेंबर

विधीला शाळेला सुट्टी. तिला बरोबर नेलं. वाटेत सगळं सांगितलं: निंबाखाली सकाळी मी काय पाहिलं, आणि का गप्प बसले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी चार महिने उगीच रडले?"

मला ठाऊकच नव्हतं की ती रडत होती.

परत येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पण कासऱ्याचं टोक धरून चालली.

१४ जानेवारी

संक्रांत. डॉ. पुनम सकाळीच आल्या. मांडी दाबली, मग मला म्हणाल्या, चला, दाखवा. वना फाटकाशी, डॉक्टर मागून, मी कासरा धरून पुढे. थंडी होती, पहिल्याच वळणाला बत्ताशीचा पाय क्षणभर ताणला गेला. मी हात पुढे करायच्या आत तिने स्वतःच झटका देऊन सोडवला आणि चालू लागली.

वर पोचल्यावर डॉक्टर म्हणाल्या, चाकू नको. पण बरी झाली असं समजू नका. थांबलात की परत येईल. हिला जन्मभर चालवावं लागेल.

मी विचारलं, कोणाच्या जन्मभर, तिच्या की माझ्या? त्या म्हणाल्या, जो आधी थकेल त्याच्या. तिळगूळ घेतला आणि स्कूटी काढून गेल्या. बत्ताशीलाही एक लाडू दिला. चाल झाल्यानंतर.

मग मी पुन्हा एकदा तिला चढावर नेलं, आपलं असंच, आनंदाने. वरून खाली बघितलं तर फाटकात हे उभे. घरापासून जिनिंगपर्यंत रस्ता ओलांडून, एकटे, काठी टेकत आले होते. मेपासून हे अंगणाबाहेर पडलेले नाहीत. पाय थरथरताना मला वरून दिसत होता.

मी कासरा धरून तशीच धावत खाली आले. वॉचमनच्या खोलीतून खुर्ची उचलली, यांच्यामागे नेऊन ठेवायला. हे म्हणाले, "खुर्ची नको."

"पाय थरथरतोय तुमचा."

"तिचाही थरथरत होता. मी खिडकीतून रोज बघतो." मग काठी पुढे टेकली आणि म्हणाले, "त्या नाल्यापर्यंत जाऊ. अडकलो तर ढकल."

एका हातात कासरा, दुसऱ्या हातात खुर्ची, मी मधे. बत्ताशी मान हिसडत होती, तिला थांबायचं नव्हतं. यांनी एक पाऊल टाकलं, ओठ दाबले, दुसरं टाकलं. माझ्या तोंडाशी आलं होतं, आज राहू द्या. मी ते गिळलं.

संध्याकाळी वॉचमन विचारायला आला, शेठाणी, माझी खुर्ची कुठे गेली. खूप वेळ मला आठवेना. मग विधीने जाऊन आणली. नाल्याच्या वाटेवर, अर्ध्यात पडली होती.